मोजणी

पुण्याला नियोजनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी आईला हळूच विचारलं, "पोरगी नर्सबाई व्हणार का?" त्यांचंही बरोबरच होतं. आमच्याकडे नियोजन म्हटलं की त्याच्या आधी कुटुंब असतंच. मी आईला समजावलं, "पर्यावरण नियोजन. घरं, रस्ते, झाडं, पाणी कुठं अन् कसं असावं ते ठरवायचं." आई म्हणाली, "ते तर ज्याचं त्यो ठरवतो की." वडिलांनी एवढंच विचारलं, की यात सरकारी नोकरी लागते का. लागते म्हटल्यावर विषय मिटला.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, दिंद्रुडपासून जवळच. अंबाजोगाईला बारावी केली तेव्हा बरोबरचे सगळे डॉक्टर व्हायला निघालेले. मला रक्त पाहिलं की घेरी यायची, म्हणून मी गणित धरलं आणि पुण्यात येऊन पडले. पहिल्या वर्षी वाटलं, फसले. वर्गातल्या मुली नदीकाठचे बगीचे काढायच्या, सायकलींचे रस्ते काढायच्या, झाडाखाली बाकं मांडायच्या. मीही मांडायची, पण त्या बाकांवर बसलेलं माणूस मला काही केल्या दिसायचं नाही. गावी आले की मनात यायचं, हे सोडावं आणि बीडला स्पर्धा परीक्षेचा क्लास लावावा. निदान चारचौघांत सांगता तरी येईल, आपण काय करतो ते.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीसाठी मॅडमनी काम दिलं: आपापल्या गल्लीचा नकाशा. प्रत्येक घर, ओटा, झाड, नाली, उतार. "अंदाजपंचे नको, टेप लावून," असं बजावून सांगितलं. बाकीचे खूश झाले. मला मात्र ते काम नको होतं.

कारण आमच्या घराला लागून काकांचं घर, आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद. वडील आणि काका सख्खे भाऊ, मधली भिंत सामाईक. भांडण कशाचं, तर मोरीच्या पाण्याचं. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, त्याचा उतार आमच्याकडे आला आणि काकीच्या मोरीचं पाणी आमच्या दारात साचायला लागलं. वडील एक बोलले, काका दोन बोलले. तेव्हा मी नववीत होते. भावांना त्या भांडणाचं काही वाटत नव्हतं. दोघं पारावर दोन टोकांना बसून सुखात तंबाखू मळायचे. होरपळल्या त्या दोघी जावा.

काकीनं मला वाढवलं म्हटलं तरी चालेल. आई दवाखान्यात होती तेव्हा माझी वेणी काकी घालायची, इतकी घट्ट की भुवया वर चढायच्या. पापड, कुरडया, सगळं दोघी मिळून करायच्या. अबोला धरल्यावर आई भिंतीपलीकडच्या भांड्यांच्या आवाजावरून सांगायची, "आज तिचं डोकं दुखतंय." सांगून तिथंच भिंतीपाशी घुटमळायची. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा. नवरे बोलत नाहीत म्हणून बायकांनी का गप्प बसायचं? पण तिला तिची जाऊ हवी होती, आणि पहिला शब्द कुणी काढायचा यावर सगळं अडलेलं होतं.

दिवाळी सरल्यावर एका सकाळी मी आईला टेपचं एक टोक धरायला लावलं आणि गल्लीच्या खालच्या अंगानं सुरुवात केली. आमचं घर झालं. सामाईक भिंतीला टेप लावून मी पुढे सरकले, तोच काकी कळशी घेऊन बाहेर आली आणि जागेवरच थबकली.

"मोजणी आणली का गं तुझ्या बापानं?"

मोजणी हा शब्द आमच्याकडे साधा नाही. मोजणी म्हणजे हद्दीच्या खुणा आणि त्यामागून तालुक्याचं कोर्ट. भावानं भावावर मोजणी आणली की नातं संपलं असंच धरतात. आणि मी मेली भर गल्लीत टेप ओढत सुटले होते. पुण्यात दीड वर्ष काढल्यावर एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

काका बनियनवर बाहेर आले. "सांग गं तुझ्या बापाला, मर्दासारखा समोर ये म्हणावं. पोरीला काहून पुढं घालतो?"

वडील धारेची चरवी घेऊन धावत आले. "सांग गं त्याला, कुनी आणली मोजणी? मला काय बी ठावं न्हाई."

दोघं एकमेकांसमोर उभे राहून माझ्याशी भांडत होते. मी म्हणाले, "काका, ही कॉलेजची मोजणी हाय. अभ्यास हाय." पण भिंत मोजायचा अभ्यास असतो यावर कोण विश्वास ठेवणार? गल्ली गोळा झाली. काकीचे डोळे भरले. ती वडिलांकडे नाही, आईकडे बघून म्हणाली, "पाण्यावरून बोललात, सोसलं. आता भिंत बी वाटून घेता व्हय, बाई?"

आईच्या हातात टेपचं टोक तसंच होतं. तिनं वडिलांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अगं येडे," आई म्हणाली, "मोजणी न्हाई ती. भिंत, नाली, समदंच मापतीय. पुण्यात तिला ह्येच शिकवत्यात."

काकीनं कळशी खाली ठेवली. "नालीला बी मापत्यात?"

"पाणी कुठून निघतं अन् कुठं जातं ते कागदावर काढायचंय," मी म्हणाले. "तुझ्या मोरीपासून."

"मोरी तर आत हाय." काकी पदरानं नाक पुसत म्हणाली, "आत यावं लागंल."

मी वडिलांकडे पाहिलं. ते चरवीत बघत म्हणाले, "जा की मग. अभ्यास हाय तर."

किती वर्षांनी मी त्या घरात पाऊल टाकलं. काकीला मोरीच्या तोंडाशी टोक धरून बसवलं. दुसरं टोक आमच्या उंबऱ्यावर आईच्या हातात दिलं आणि तिच्याशेजारी आकडा वाचायला वाकले. आकडा वाचला, वहीत लिहिला. अशी माणसं नकाशात दिसली तर हे शिक्षण आपल्याला जमेल, असं तिथं पहिल्यांदा वाटलं.

"धरलंय का नीट?" आई ओरडली.

"धरलंय बाई," आतून आवाज आला.

"ढिला पडलाय. वढ जरा."

"तुमीच वढा. तुमाला लई जोर हाय." आई हसली. तेवढ्यात आतून पुन्हा आवाज आला, "बाई, पोर लई वाळलीय. जेवती का न्हाई तिकडं?"

"कशाची जेवती! डब्याचं खाती."

माप कधीच लिहून झालं होतं. मी पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाले, "चुकलं वाटतं गं. परत धरा."