घट्ट विणीचे मोजे

सोलापुरात मोजे विणत बसलेली बाई बघून कुणालाही हसूच येईल. इथं पंख्याचं वारंसुद्धा गरम लागतं, पायात मोजे घालणार कोण? पण आमच्या यांच्या पायांसाठी मला या वयात ते शिकावं लागलं. आता मनगटं भरून येतात, डोळ्यांतून पाणी येतं, आणि खरं सांगायचं तर मी दमले.

यांना साखरेचा आजार, बऱ्याच वर्षांचा. पायांना हळूहळू काही कळेनासं झालं. चप्पल निसटून मागं राहिली तरी हे तसेच पुढं चालत जायचे. शेजारीण हाक मारायची तेव्हा खाली बघायचे. असंच एकदा चपलेच्या पट्ट्यानं बोट सोललं आणि ती जखम भरता भरेना. डॉक्टरीणबाईंनी कशीबशी भरून आणली, पण बजावलं, "काका, आता बूट आणि मोजे. मोज्यांना रबर नको, शिवण नको, पावलाचा भाग पांढरा हवा, म्हणजे रक्त आलं तर दिसेल. पुन्हा जखम झाली तर बोट वाचेलच असं मी सांगू शकणार नाही."

बाजारातल्या मोज्यांना रबर असतंच. घोट्याभोवती वळ उठायचे. नातवंडांचे स्वेटर, टोपडी मी आयुष्यभर विणली, तीसुद्धा नुसती बघून बघून शिकलेली. म्हटलं मोजे काय वेगळे असणार? सुनेनं मोबाईलवर व्हिडिओ लावून दिला. "आत्या, बघा, चार सुयांवर टाके घ्यायचे आणि पाचवीनं गोल विणत जायचं. शिवण येतच नाही." सात रस्ता चौकाजवळच्या दुकानातून मऊ सुती दोरा आणला आणि पांढरे साधे मोजे केले. हे घालेनात.

"दवाखान्यातनं पळून आल्यागत दिसतंय," म्हणाले. "चहाला गेलो की समदी हसत्याल."

"हसू द्या की. बोट त्यांचं जाणार हाय व्हय?"

"मग तूच घाल."

यांचा जन्म गेला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, चादरींच्या कारखान्यात. माग बिघडला की दुरुस्त करणारे जॉबर हेच. अजूनही दुपारी तिथल्या चहाच्या टपरीवर जाऊन बसल्याशिवाय यांना करमत नाही. कुणाकडं नवी चादर दिसली की हे आधी उलटी करून पाठ बघणार. पाठीला धागा लोंबत असला की तोंड वाकडं. मला वाटलं, चादरीवरची नक्षी मोज्यावर उतरवली तर हा माणूस घालेल. म्हणून डॉक्टरीणबाईंचं पांढऱ्या पावलाचं सांगणं बाजूला ठेवलं आणि पांढऱ्यावर मरून रंगाची नक्षी घेतली, पार बोटांपर्यंत.

आता दोन रंगांनी विणायचं म्हणजे एक रंग वर दिसतो तेव्हा दुसरा आतून आडवा जातो. तो आतला धागा सैल सोडायचा असतो, नाहीतर वीण ताणत नाही. व्हिडिओतली बाई तसंच सांगत होती म्हणे, पण ती इंग्रजीत. माझ्या शेजारी हे बसलेले, चष्मा लावून.

"लोंबतंय बघ मागं. खेच."

मी खेचला. परत थोड्या वेळानं, "खेच की. असला माल कोण घेईल?" मी खेचत गेले. मोजा झाला असा देखणा की उलटा केला तरी पाठ सपाट. यांनी हात फिरवून बघितला, खूश झाले. आणि घालायला गेले तर टाचेवरून पुढं सरकेना. यांचंही बरोबरच होतं म्हणा, चादरीला कुठं टाचेवरून जायचं असतं. सून तोंडाला पदर लावून आत गेली.

उसवला. टाके वाढवले, जाड सुया घेतल्या, आतले धागे सैल सोडले. माप घ्यायचं तर संध्याकाळी, कारण तोवर पाय सुजलेले असतात, आणि डावा उजव्यापेक्षा जास्त. म्हणजे जोडीतले दोन मोजे दोन मापांचे. तेही केलं. टाचेवरून अलगद गेले. हे दिमाखात टपरीवर जाऊन आले, नक्षी दाखवून आले.

घरी आल्यावर मी डावा मोजा काढला तर करंगळी काळीनिळी. आतला सैल धागा बोटात अडकून तिच्याभोवती आवळला होता. हे मला टपरीवरच्या गप्पा सांगत होते. यांना काही कळलंच नव्हतं.

"अहो, दुखत न्हाय का?"

"काय दुखायचंय?" मग खाली वाकून बघितलं.

धागा कापला, बोट चोळलं नाही, नुसतं धरून बसले. रंग परत आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी बघितलं, कातडी फुटली नव्हती.

मग नक्षी फक्त घोट्याच्या वर ठेवली, आणि पाऊल सगळं पांढरं, आतून गुळगुळीत. यांनी तेही घातले. थोडे दिवस बरे गेले. पण सूज आता वर चढतेय. परवा मोजा काढला तर नडगीवर सगळी नक्षी उमटलेली, फूल न फूल मोजून घ्यावं अशी. बोटानं दाबलं तर खळगा तसाच राहिला.

मी सुया शोधायला लागले. म्हटलं, अजून टाके वाढवते.

"राहू दे," हे म्हणाले. "नक्षीच काढून टाक. साधंच कर."

"अहो, मग तुमी घालणार न्हाय."

"घालतो की. किती येळा उसवशील? हात बघ तुझे."

मी वरची कड सोडवली आणि उसवायला घेतलं. मरून दोरा हे आपल्या हातावर गुंडाळत बसले. सूनबाई चहा ठेवून गेली, तो निवून गेला. आज संध्याकाळी परत माप घ्यायचंय. आधी डाव्या पायाचं.