चतुर्दशीचं पान

आज त्रयोदशी. उद्या घातचतुर्दशी, म्हणजे शस्त्राने गेलेल्या पितरांचा दिवस. आमच्याकडे त्या दिवशी आमचे पूर्वज त्रिंबकपंत यांच्या नावाचं पान वाढतात, कारण ते खर्ड्याच्या लढाईत पडले असं घरात सगळे सांगत आले.

माझे मोठे दीर यज्ञेश्वर भाऊजी जामखेडला शिक्षक होते. निवृत्तीनंतर मोडी शिकून त्यांनी त्रिंबकपंतांचा माग काढायला घेतला. काल ते नाशिकच्या तीर्थोपाध्यायांची जुनी वही पाहून आले, आणि तेव्हापासून त्यांना घास गोड लागेना. लढाईनंतर तीन वर्षांनी त्रिंबकपंत स्वतः नाशिकला गेले होते! वहीत त्यांच्याच हातचा मजकूर आहे: धाकटा बंधू नारो पागेत होता, खर्ड्यास पडला, निपुत्रिक, त्याचे श्राद्ध केले.

"म्हणजे जिवंत परतलेल्या माणसाला आपण दरवर्षी लढाईत मारत होतो," भाऊजी म्हणाले.

माझी लेक रुचा हसली. "काका, भाऊ-भाऊच ते. वाटून खाल्लं असेल."

"गप गं. त्या नारोचं नावच घेतलं नाही कुणी. उपाशीच राहिला असेल तो."

मी विचारलं, "भाऊजी, मग उद्या नाव कुणाचं घ्यायचं?"

"नारोचं. त्रिंबकपंतांना सर्वपित्री अमावास्येला वाढू." मग म्हणाले, "पण अंबिका, वाडवडिलांचा शिरस्ता मोडतोय मी. काही चुकलं तर?"

मी देवापुढे निरांजन लावलं, नारोपंतांची क्षमा मागितली, आणि वड्यांची डाळ भिजत घालताना वाटीभर जास्तच घातली.