ओटीतली वाइन

माझं बाळंतपण एका फ्रेंच बाईनं केलं असं सांगितलं की लोकांना वाटतं मी फेकतेय. फेकत नाहीये. आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला नवे होतो, माझ्या आईचा व्हिसा नाकारला गेला होता, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं तेव्हाच निघालं, आणि नवरा म्हणजे डायपर उलटा लावून वर कौतुकाची वाट बघणारा. शेजारची ही एकटी राहणारी बाई रोज सकाळी सूपचं भांडं घेऊन यायची, लेकीला न्हाऊ घालायची आणि मला दटावून झोपवायची. लेक बोलायला लागल्यावर आम्ही तिला ‘मावशी’ म्हणायला शिकवलं. अर्थ कळल्यावर बाई इतकी खूश झाली की आम्हा सगळ्यांचीच मावशी झाली.

मावशीचं माहेर फ्रान्समधल्या बोर्डोकडचं. द्राक्षांचे मळे, दगडी घर, खाली तळघरात लाकडी पिंपं, आणि हे सगळं कित्येक पिढ्या एकाच घराण्याकडे. आता तिचा धाकटा भाऊ बघतो. फक्त रेड वाइन करतात. नवी असताना ती जीभ आवळून टाकते, अंधारात वर्षानुवर्षं पडून राहिली की मऊ होते, हे मला मावशीनं इतक्यांदा सांगितलंय की न पिताही पाठ आहे. त्यांच्या घरात एक रीत आहे. मूल जन्मलं की त्या वर्षीची एक बाटली त्याच्या नावानं बाजूला ठेवायची. मूल मोठं झालं की सगळ्यांनी जमून ती उघडायची, आणि पहिला ग्लास मुलानं प्यायचा. माझी लेक झाली तेव्हा मावशीनं भावाला फोन करून तिच्याही नावची एक ठेवायला लावली होती. आम्हाला पत्ताच नाही!

यंदा जूनमध्ये लेकीला एकवीस वर्षं पूर्ण झाली आणि मावशीचा भाचा ती बाटली घेऊन आला. त्याच महिन्यात मावशी कॅरी सोडून ओरेगनला मुलाकडे जाणार होती. गुडघ्यांनी पार दगा दिला होता. निघण्याआधीच्या शनिवारी आमच्याकडे जेवण आणि तेव्हा बाटली उघडायची, असं ठरलं. “उभी ठेव, हलवू नकोस, गाळ खाली बसू दे,” असं बजावून तिनं ती माझ्या ओट्यावर ठेवली.

त्याच आठवड्यात रॅलेहून नवऱ्याचा मित्र आणि त्याची बायको भेटायला आले. मी वर ऑफिसच्या कॉलवर, खाली सासूबाई. साताऱ्याहून उन्हाळ्यापुरत्या आलेल्या, पण पाहुणचारात कसूर नाही. सवाष्ण घरातून निघाली तर ओटी भरायलाच हवी ना! जीन्सवालीला पदर कुठला, म्हणून कापडी पिशवी घेतली. तांदूळ होते, ब्लाउजपीस होता, नारळ मात्र नव्हता. ओट्यावर बाटली होती, लेबलवर जुनं घर आणि द्राक्षांचे घोस. नाताळात मुलांसाठी आणतो तो द्राक्षाचा रस समजून त्यांनी ती ओटीत घातली.

“फळ नाही तर फळाचा रस! मेलं, त्यावर मराठीत लिहिलं असतं तर कळलं नसतं का?” खाली येऊन ओटा रिकामा बघून मी ओरडल्यावर सासूबाई माझ्यावरच डाफरल्या. मी मित्राच्या बायकोला फोन लावला.

“अय्या, ओटीची पिशवी होय? डिकीतच राहिली गं!”

कॅरोलिनाचा जून, आणि गाडी दिवसभर उन्हात. बाटली परत आणली तेव्हा बूच वर आलं होतं आणि मानेवरून चिकट ओघळ. मी तश्शीच मावशीकडे गेले, सगळं सांगून टाकलं. तिनं बाटली हातात घेऊन मानेवरचा ओघळ पुसला. मग म्हणाली, “शनिवारी बघू.”

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिनं बाटली उघडली, थोडी ओतून घोट घेतला.

“शिजली,” ती म्हणाली. “गेली.”

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. लेक “आय ॲम सो सॉरी, मावशी,” म्हणत बाटली सिंककडे न्यायला उठली, तर मावशीनं तिचं मनगट धरलं.

“बस खाली. पहिला ग्लास तुझा.”

“पण खराब झालीये ना!”

“मी जन्मले त्या वर्षी गारांनी मळा झोडपला होता. भयंकर वाइन होती. वडिलांनी मला शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला लावली. चांगली बाटली आम्ही पाहुण्यांना देतो. घरच्या मुलाला त्याच्या नावाची, जशी असेल तशी.”

लेकीनं माझ्याकडे पाहिलं, नाक दाबलं आणि ग्लास रिकामा केला. मला तर तिथंच भरून आलं. माहेरचं कुणी जवळ नसताना या बाईनं माझं पोर आपलं म्हटलं होतं, आणि आज ते सगळ्यांसमोर सांगत होती.

तेवढ्यात सासूबाईंनी वाटी पुढे केली. जन्मात कधी थेंबाला न शिवलेली बाई! “मलाही दे. नासवली मी, तर मी पिणार.” घोट घेतला आणि तोंड असं वाकडं केलं! “अगंबाई! याच्यापेक्षा कारल्याचा रस बरा.” भाषांतर करायची गरजच पडली नाही, मावशी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

मग तिनं भावाला फोन लावला. दोघांचं फ्रेंचमध्ये काहीतरी लांबलचक चाललं. ओटीची गोष्ट सांगितली असणार, कारण पलीकडून हसू ऐकू आलं. एकदम मावशी फोनवर हात ठेवून, लेकीकडे बोट दाखवत माझ्याकडे वळली.

“म्हणतोय, हिला मूल झालं की लगेच कळवा. त्या वर्षीची बाजूला ठेवायला हवी.”

“मॉम, नो!” लेक किंचाळली.

“कळवू म्हणून सांग त्याला,” मी म्हणाले, आणि मावशीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले.