मी संशोधन मागितलं होतं

डॉक्टरांनी त्यांना जीभ तोंडातच सैल सोडायला सांगितली, टॉर्च लावला आणि ते बराच वेळ बघत राहिले. मग मलाही जवळ बोलावलं. जीभ जागच्या जागी थरथरत होती, पातळ कातडीखाली काहीतरी वळवळावं तशी. "ये अपने आप हो रहा है," डॉक्टर म्हणाले. "इनके बस में नहीं है." टॉर्च बंद करून त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. मोटर न्यूरॉन डिसीज.

तेहेतीस वर्षं मी नवऱ्याला 'अहो' म्हणत आले. इथे नाव लिहिते आहे. मनोहर.

हा आजार तुमच्या घरात आला असेल तर डॉक्टरांनी मला सांगितलं तेच सोप्या शब्दांत सांगते. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी एकेक करून मरत जातात. हुकूम पोचत नाही म्हणून स्नायू वाळतात. कुणाचे हात आधी जातात, कुणाचे पाय. मनोहरांची जीभ आणि घसा आधी गेला. औषधानं थोडं लांबवता येतं, बरं करता येत नाही. त्यांचं डोकं मात्र शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं. ते बरं की वाईट, हे मी अजून ठरवू शकले नाही.

सुरुवात होळीच्या सुमारास झाली. त्यांचा 'र' घसरायला लागला. जबलपूरच्या गोरखपूर भागात आमचं घर; तिथला नेहमीचा भाजीवाला एकदा हसून म्हणाला, "बाबूजी, सुबह-सुबह ही?" आयुष्यात कधी दारूला न शिवलेला माणूस. तेही हसले. घरी येऊन पिशवी ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून भाजीला मला पाठवायला लागले.

मग कान-नाक-घसा झालं, एमआरआय झालं. एमआरआयमध्ये काही निघालं नाही म्हणून आम्ही बडा फुहारा चौकात जाऊन खव्याची जिलेबी खाल्ली. शेवटी ईएमजी. यात स्नायूंत बारीक सुई घालून त्यातली वीज मोजतात. तपासणीच्या खोलीबाहेर मी सव्वा तास बसले होते. मांडीवर पुस्तक उघडं होतं. पान एकदाही उलटलं नाही.

इथे थोडं आमच्या भाषेविषयी लिहायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही.

मी वर्ध्याकडची. मनोहर जबलपुरातच जन्मलेले. त्यांचे वडील भंडाऱ्याहून फॅक्टरीच्या नोकरीसाठी आले ते इथलेच झाले. लग्न होऊन मी आले तेव्हा माझं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावलेली. पहिल्याच वर्षी शेजारच्या काकू सासूबाईंना म्हणाल्या, "आपकी बहू बहुत चेष्टा करती है." मी आत जाऊन रडत बसले. मनोहर कामावरून आले. "काहून रडून राहिली?" मी म्हटलं, मी कुणाची चेष्टा केली हो? मी तर त्यांच्याशी धड बोललेही नाही. ते पोट धरून हसले. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. काकू माझी स्तुती करत होत्या.

तेव्हापासून माझं हिंदी सुधारणं हा त्यांचा छंदच झाला. मी भूगोलाची शिक्षिका; दिवसभर मुलींच्या चुका काढायची आणि संध्याकाळी माझ्या चुका ते काढायचे. मी त्यांच्या 'ळ'वर सूड घ्यायची. त्यांना तो कधीच आला नाही. 'कमळ'चं 'कमल' आणि 'बाळ'चं 'बाल'.

दिवाळीपर्यंत त्यांचं बोलणं माझ्याशिवाय कुणाला समजेना. मग मलाही समजेना. आम्ही पांढरी पाटी आणि निळं पेन आणलं. दवाखान्यात त्यांच्या वतीने हिंदीत बोलण्याचं काम माझ्याकडे आलं. मी बोलत असताना ते पाटीवर दुरुस्त्या लिहीत. एकदा मी डॉक्टरांना म्हटलं, "इनको रात में ठसका लगता है." पाटी वर आली. 'ठसका, धसका नहीं'. माझ्या उच्चारांवर त्यांचा इतका अविश्वास होता.

त्याच सुमाराला आमची मुलगी नेहा हैदराबादहून एक रंगीत पत्रक घेऊन आली. दूरच्या एका शहरातलं खासगी केंद्र होतं. पाठीच्या कण्यात पेशींचं इंजेक्शन देणार, चार वेळा, म्हणजे तिथे तीन-चार महिने राहणं आलं. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात एका परदेशी नियतकालिकातल्या लेखाचा हवाला होता.

नेहाला मराठी सगळी समजते, पण भावना दाटून आल्या की ती हिंदीतच बोलते. "आई, कुछ तो करने दो मुझे. ऐसे बैठकर देखते रहें क्या?"

मी मनोहरांकडे पाहिलं. त्यांनी लिहिलं, 'तिला वाटतं तर जाऊ'. पाटी माझ्याकडे वळलेली होती तोवर त्याखाली आणखी एक ओळ लिहिली आणि नेहा वळायच्या आत बोटाने पुसली. मी ती वाचली होती. 'घरी राहायचं होतं'.

त्यांच्याकडे किती महिने आहेत हे कुणी सांगत नव्हतं, पण फार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. ते महिने परक्या शहरातल्या पलंगावर घालवायचे की गोरखपुरातल्या मागच्या पायरीवर, उन्हात, एवढाच प्रश्न होता. पण इंजेक्शनाने खरंच फरक पडत असेल तर? मग त्यांची पुसलेली ओळ ऐकून मी त्यांना मारलंच असतं की.

पत्रक घेऊन मी मेडिकल कॉलेजात आमच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मूळ लेख पाहिल्याशिवाय काही बोलणार नाही, असं मात्र स्पष्ट म्हणाले. बाहेर चाळीस-पन्नास माणसं ताटकळत होती. त्यांनी एका चिठ्ठीवर दोन ओळी खरडल्या. "आप टीचर हैं न? लायब्ररी में शुक्ला मैडम को दीजिए. जो मिले, लेकर आइए."

मेडिकल कॉलेजला ग्रंथालय असतं हे मला माहीत होतं. तिथे बसणाऱ्या बाईचा माझ्या नवऱ्याच्या आजाराशी काही संबंध असू शकतो, हे माहीत नव्हतं.

शुक्ला मॅडम खिडकीजवळच्या कॉम्प्युटरपाशी बसल्या होत्या, खांद्यावर शाल, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. समोर एक शिकाऊ डॉक्टर केविलवाणा चेहरा करून उभा होता. "परसों थीसिस जमा करनी है और आज रेफरेंस याद आए हैं," त्या म्हणत होत्या. "शादी में भी ऐसे ही पहुँचोगे बेटा, विदाई के टाइम." त्याला हवं ते शोधून देईपर्यंत त्यांचं बोलणं थांबलं नाही आणि हातही थांबला नाही.

माझी पाळी आली. मी चिठ्ठी आणि पत्रक पुढे केलं आणि वाटेत तीनदा घोकलेलं वाक्य म्हटलं, "मैडम, मुझे इस इलाज का संशोधन चाहिए."

त्यांनी चष्मा लावला. "संशोधन? आपको किसने बताया कि इसका संशोधन हुआ है?"

"हुआ तो होगा ही न मैडम. बिना संशोधन के कोई ऐसा छापेगा क्या?"

"छापते तो बहुत हैं," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे जरा निरखून पाहू लागल्या. मग खुर्ची सरकवून दिली. "बैठिए."

मूळ लेख त्यांना तासाभरात मिळाला. त्या कॉलेजात ते नियतकालिक येत नव्हतं. त्यांनी दुसऱ्या कुठल्यातरी ग्रंथालयात फोन करून तो मागवला. छापील पानं गरम होती. मी उठले. त्या म्हणाल्या, "रुकिए. ये तो लेख है. आपने संशोधन माँगा है."

मला वाटलं, आणखी शोधून देणार आहेत. मी बसले. संध्याकाळी ग्रंथालय बंद होईपर्यंत त्यांचा शोध सुरू होता, इतरांची कामं अधूनमधून उरकत. त्यांना हवं होतं ते त्या लेखाला कुठेच जोडलेलं नव्हतं, त्यामुळे धागा सापडत नव्हता. दुसऱ्या दिवशी या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एकच पान ठेवलं. वर इंग्रजीत लिहिलं होतं, करेक्शन.

मी म्हटलं, "ये नहीं मैडम. मुझे तो संशोधन..."

"यही तो है."

मी पान परत त्यांच्यापुढे केलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यानंतर थोड्या वेळाने माझ्या. मराठीत संशोधन म्हणजे शोध घेणं, नवं ज्ञान. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. मी अभ्यास मागितला होता. त्यांनी ऐकलं ते असं, की या लेखाची दुरुस्ती छापून आली आहे आणि या बाईला ती हवी आहे. इतक्या ठामपणे मागते आहे म्हणजे कुणीतरी हिला सांगितलं असणार. म्हणून त्या शोधत राहिल्या. आणि दुरुस्ती खरोखरच होती. त्या लेखाच्या लेखकांनीच नंतर कळवलं होतं की मोजमापात चूक झाली होती. रुग्णांना फायदा झाला असं जे लिहिलं होतं ते आता म्हणता येत नाही. ते पान जगात कुठेतरी पडून होतं. पत्रकाने ते सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, म्हणजे इंजेक्शनाचा उपयोग नाही?

"बीमारी के बारे में मैं कुछ नहीं कह सकती, दीदी," त्या म्हणाल्या. "वो डॉक्टर साहब बताएँगे. मैं सिर्फ़ काग़ज़ के बारे में कह सकती हूँ. और इस काग़ज़ पर अब भरोसा नहीं है." एवढं बोलून त्या उठल्या आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या. मी रडत होते हे मला पाण्याचा ग्लास दिसल्यावर कळलं.

डॉक्टरांनी दोन्ही पानं माझ्यासमोर वाचली. दुसरं पान त्यांनी पाहिलं नव्हतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मग म्हणाले की छातीचे स्नायू थकत चालले आहेत, एवढा प्रवास आणि कण्यातल्या सुया यांनी नुकसानच होईल. "घर पर रखिए. धूप में बिठाइए. साथ रहिए."

नेहाला ते पान दाखवलं. तिने ते तीनदा वाचलं, घडी घातली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "मग आपण काय करून राहिलो आहे आई, काहीच नाही?" मी म्हटलं, आपण त्यांच्याजवळ बसून राहिलो आहे. तिने नोकरीतून रजा काढली आणि पुढे बरेच दिवस आमच्याजवळ राहिली.

मनोहरांना सगळी हकीकत सांगितली, माझ्या 'संशोधना'सकट. ते हसायला लागले. या आजारात हसू आवरत नाही. ते रडण्यात कधी शिरतं ते कळत नाही. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. मग पाटी मागितली. अक्षर वाकडं झालं होतं. 'तुझं हिंदी सुधारू नको'.

त्यानंतर सात महिने ते घरी होते. हिवाळ्यात रोज अकरा ते एक मागच्या पायरीवर. गिळणं अवघड झालं तेव्हा खव्याची जिलेबी दुधात पूर्ण विरघळवून, गाळून, घट्ट करून चमच्याच्या टोकाने जिभेला लावत असे. तेवढीच त्यांना झेपे. बायपॅप आलं, झोपेत श्वास आत ढकलणारं हे यंत्र नाकावर बसवतात. पेन धरता येईना तेव्हा मी मुळाक्षरं म्हणायची आणि हव्या अक्षराला ते डोळे मिटायचे. मी 'ळ'वर आले की ते मुद्दाम मिटायचे. ते सांगत असलेल्या शब्दात त्या अक्षराचा काही उपयोग नसायचा. ती चेष्टा होती, मराठीतली.

मे महिन्यात, दुपारी, नेहा आणि मी दोघी बाजूला असताना ते गेले. त्यांच्या पलंगावरून मागची पायरी दिसत होती.

पुण्यानुमोदन, म्हणजे आम्हा बौद्धांत माणूस गेल्यावर करतात तो विधी, झाल्यावर काही दिवसांनी मी ग्रंथालयात गेले. मनोहरांची भिंगाची काच शुक्ला मॅडमना द्यायची होती. त्यांना बारीक अक्षर फार वाचावं लागतं. त्यांनी मला ओळखलं आणि खुर्ची पुढे सरकवली. पांढऱ्या साडीची पद्धत आमच्यात नाही, तरी त्यांना कळलं. कॉम्प्युटरच्या कडेला एक कागद चिकटवलेला होता, त्यांच्या अक्षरात. 'लेख मिला? अब संशोधन देखो.' शिकाऊ डॉक्टरांसाठी. प्रत्येकाला लेखासोबत तेही शोधून देतात, म्हणाल्या.

तुमच्या हातात असं एखादं पत्रक आलं, तर त्याच्या तळाची बारीक ओळ घेऊन अशा एखाद्या खिडकीजवळच्या टेबलापाशी जा. तुमच्या माणसाला तिथलं कुणी वाचवेल असं मी म्हणत नाही. माझा माणूस वाचला नाही. पण त्याचे सात महिने शुक्ला मॅडमनी मला परत आणून दिले, आणि आमच्या कुठल्याही केसपेपरवर त्यांचं नाव नाही.

त्या दिवशी मी मॅडमचे आभार मानायला लागले. माझं हिंदी नेहमीसारखंच अडखळलं. त्यांनी माझा हात धरून मला थांबवलं. "अरे नहीं दीदी. हमने तो बस थोड़ी चेष्टा की थी."

मला हसू आलं. मी वळून शेजारी पाहिलं, मनोहरांना सांगायला.