दादांचा आवाज शोधताना

उस्मानपुऱ्यातल्या त्या कॉम्प्युटरवाल्यावर माझा पहिल्यापासून भरवसा नव्हता. डिस्क हातात घेतल्या घेतल्या त्यानं विचारलं, "गाव कोणतं, ताई?" आता डिस्क दुरुस्त करायला गाव कशाला लागतंय? मी नुसतं "करमाडच्या पुढं" म्हणाले आन् तोंड मिटलं.

डिस्कवर माझ्या वडलांचा, दादांचा आवाज होता. जायच्या आधी त्यांनी माझ्या लेकाला नामांतराच्या दंगलीची हकीकत सांगितली, त्यानं ती कॉम्प्युटरवर भरून घेतली. मला मात्र "आजोबांच्याच तोंडून ऐक" एवढंच म्हणाला. आमच्या गावातली दलित वस्ती दादांनी पेटवली, असं लोक बोलायचे. दादा तर तेव्हा चिकलठाण्याला कंपनीत. तरी जन्मभर तो डाग सोसला. निवांत ऐकू म्हणून मी ठेवून दिलं, तर कॉम्प्युटरच बसला.

सोबतीला मामा आले होते, आईचे धाकटे भाऊ. ते कानाशी लागले, "ह्याला नजरेआड करू नको. सापडंल ती फाईल आपल्यासमोर उघडायला लाव." मला लई पटलं. बारशाचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, सगळं पडद्यावर उघडंच ठेवायला लावलं. फायली शोधणारं सॉफ्टवेअर मुंगीच्या पावलानं सरकायला लागलं.

"मुद्दाम करतोय," मामा म्हणाले.

"मेमरी भरलीय, ताई," दुकानदार वैतागला. "एवढं उघडं ठेवल्यावर मशीन शोधणार कधी? डिस्क तापलीय, मरंल अशानं."

मी ऐकते काय! वस्ती जाळणाऱ्यांपैकीच कुणाचा तरी हा पाव्हणा, मी ठरवूनच टाकलं होतं.

मामा चहा आणायला खाली उतरले. दुकानदारानं हात जोडले, "पाया पडतो, बंद करू द्या." "करा बाबा," मी चिडूनच म्हणाले. फायली मिटल्या आन् काम भराभर व्हायला लागलं. थोड्या वेळात दादा बोलायला लागले.

"काडी मी न्हाई लावली, पोरा. पाळीवरून आलो तवा तुझ्या आजीचा धाकटा भाऊ आमच्या दारात हात धूत व्हता. घरभर घासलेटाचा वास. तिचं माहेर तुटंल म्हून मी गप ऱ्हायलो."

तेवढ्यात मामा चहा घेऊन दारात. "सापडलं का गं काय?"

तो चहा भिरकावून द्यावा, असा संताप आला. दुकानदार आवाज बंद करायला निघाला, मी त्याचा हात धरला.

"सापडलं," मी म्हणाले. "बसा, मामा. भाऊ, परत पहिल्यापासून लावा."