तांदळातलं नाव

सुनेनं सकाळी मोबाइलवरून वाचून दाखवलं. टोंगा बेटांवर माणसाला सरदारकी मिळाली, की त्याचं जन्माचं नाव मागं पडतं आणि सगळे गादीच्या नावानंच हाक मारतात.

"आई, तुमच्यासारखंच की! तुम्ही पण सरदार!"

मी हसले. पुढ्यात निवडायचे तांदूळ होते. लग्नात असल्याच तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. तेव्हापासून मला वच्छी म्हणणारा एक थोरला दादाच उरला. हल्ली तो माणसं विसरतो. काल दवाखान्यात त्याचा हात धरून म्हटलं, "दादा, मी वच्छी."

"वच्छी होय? ती शाळेत गेलीय, बाई. येईल एवढ्यात."

आत्ता ताटातल्या तांदळात बोटानं वच्छी लिहून बघितलं.

"आई, झाले का तांदूळ?"

झाले म्हटलं आणि धुवायला घेतले.