ओट्सची पेज

टायफॉईड उतरला, पण बायकोच्या तोंडाची चव काही परतली नाही. दोन घासांवर ताट सरकवायची. सोमवारपर्यंत खाऊ लागल्या नाहीत तर पुन्हा भरती करू, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्याचं नाव काढलं की ती भिंतीकडं तोंड करायची. एरवी जेवण उरकायच्या आत "उद्या भाजी कोणती करू?" असं विचारणारी बाई, आता उद्याची गोष्टच काढत नव्हती. मला त्याचीच भीती वाटत होती. आमच्या मुर्री गावातले शेजारी रोज येत, चहा पीत आणि सल्ला देऊन जात. त्यांचं बरं होतं.

पुण्याच्या लेकीनं ओट्सचा डबा पाठवला. फोनवर म्हणाली, "बाबा, शिजवा, वरून सफरचंद, केळं, दालचिनी घाला. पाच मिनिटांचं काम आहे."

मला आयुष्यात एकच गोष्ट रांधता येते, ती म्हणजे भात. खळ्यावर धान राखायला जायचो तेव्हा शिकलो. तांदूळ तीन पाण्यांनी धुवायचा, भरपूर पाण्यात शिजवायचा, पेज गाळायची. म्हणून सकाळी ओट्सही धुवायला घेतले. तांदळाचं पाणी तिसऱ्यांदा निवळतं. यांचं निवळायचं नाव नाही. मी चिडून आणखी दोनदा धुतले.

आतून आवाज आला, "काय धुऊन राहिले जी इतकं?"

"ओट्स."

ती धडधाकट असती तर उठून आली असती आणि मला स्वयंपाकघरातून हाकललं असतं. आली नाही, हेच मला लागलं.

शिजवून पेज गाळली तर पातेल्यात नुसता गोळा उरला. तो वाटीत काढला, वर फळं मांडली, दालचिनीची पूड भुरभुरवली. चमचा खोचला तर उभाच राहिला.

तिनं वाटीत पाहिलं. "हे तं पोस्टर चिकटवाची लेई होय. मले कायले देऊन राहिले?"

मीही तापलो. "नाई खाशीन तं सोमवारी भरती करतीन. मंग मी या घरात एकटा काय करू, सांग!"

बोलून गेलो आणि मलाच कसंतरी झालं. ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "पेज फेकली का?"

पेज कोण फेकतं? गाईसाठी झाकून ठेवली होती.

"गॅसवर ठेवा. सेब बारीक कापून टाका. दालचिनीचा तुकडा, गूळ, चिमूटभर मीठ. केळं नोका टाकू. अन् हलवत राहा, नाई तं लागन खाली."

ती पडल्या पडल्या हुकूम सोडत होती आणि मी पळत होतो. किती दिवसांनी घरात कुणी मला ओरडत होतं! फार बरं वाटलं.

उकळी आली तसा दालचिनीचा वास घरभर झाला. तिनं वाटी दोन्ही हातांनी धरली, फुंकर मारत प्याली. सफरचंदाच्या मऊ फोडी चमच्यानं खाल्ल्या. तळाचा गूळही निपटला. मी दारात उभा होतो, काही बोललो तर थांबेल म्हणून बोललो नाही.

रिकामी वाटी माझ्या हातात देत ती म्हणाली, "उद्या धुऊ नोका जी."

मी लगेच हो म्हणालो. एरवी तिचं इतक्या लवकर ऐकत नाही.